ओढ्यापर्यंत

जकात नाक्याची चौकी, मोखाड्याची वाट
चैत्र शुद्ध ११, शके १८४१

दादा,

अक्षर ओळखशीलच. आई गेली तेव्हा कार्ड टाकलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा लिहायचं नाही असं मनाशी धरलं होतं. पण एक गणित अडलं आहे, आणि इथे ते कोणाला विचारावं असं माणूस नाही.

अण्णा आता शाळेवर जात नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजेड-अंधार कळतो, माणूस आवाजावरून ओळखतात. तरी जव्हारातल्या व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी मिळून जे धान्यवाटप मंडळ काढलं, त्याने या नाक्यावरचं वाटप अण्णांकडेच दिलं. म्हणतात, मास्तरांच्या हातून दाणा हलणार नाही. ते खरं आहे. दाणा हलत नाही, पण हिशेब दिसत नाही, म्हणून मी बरोबर आले आहे. चौकीच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. माझ्यासारख्या लाल आलवणातल्या विधवेने चारचौघांत बसून मापं मोजावीत हे अण्णांना आवडत नाही, पण इलाज नाही. बोलतात तेव्हा मान दुसरीकडे करून बोलतात.

गेल्या साली पाऊस मध्येच गेला, भात पोसलंच नाही. वर मानमोडीच्या तापाची साथ. आई त्यातच गेली. पाड्यांवर तर घरंच्या घरं निजली ती उठली नाहीत. आता जी उरली आहेत ती इथे येतात.

गणित असं. कोठारात नागली नव्वद पक्के मण, म्हणजे सोळा छटाकांचे ३,६०० शेर. पावसापर्यंत साठ दिवस धरायचे. आसपासच्या पाड्यांतली माणसं, पोरंबाळं धरून, एकशे साठ. मंडळाची अट आहे की माणशी रोज आठ छटाकांहून कमी देऊ नये, त्याखाली माणूस तगत नाही. तू शिकवल्याप्रमाणे मी मांडलं. माणशी रोजचे छटाक म्हणजे क्ष. १६० × ६० × क्ष हे ५७,६०० छटाकांच्या वर जाता कामा नये. भागून क्ष ≤ ६. आणि अट सांगते क्ष ≥ ८.

एकच क्ष सहाहून मोठा नको आणि आठाहून लहानही नको. तू शिकवलंस तेव्हा दोन्ही अटी कुठे तरी एकमेकींना भेटायच्या, आणि भेटल्या की तू पाटीवर रेघ ओढून दाखवायचास. या भेटत नाहीत. अशा वेळी काय करतात?

घरी ये असं मी म्हणत नाही. "कमूला पुण्याला शिकायला पाठवाल तेव्हाच या घरात पाऊल टाकीन," असं तू म्हणाला होतास, ते सहा वर्षं पाळलं आहेस. तुझा शब्द राहिला. मी पण इथेच राहिले.

उत्तर तेवढं लिही. पत्र चौकीच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. अण्णांना सांगितलेलं नाही.

कमू


नाक्याची चौकी
चैत्र वद्य ६

दादा,

उत्तर आलं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. पानाच्या पुढच्या-मागच्या बाजूंनी लिहिलं आहेस, आणि त्यात आईबद्दल एक ओळ नाही. असो. गणित विचारलं, गणित मिळालं.

कंसांची ती नवी खूण मला आवडली. टोकाची संख्या आत धरायची असेल तर चौकोनी कंस, बाहेर ठेवायची असेल तर गोल. तर आमचं एक उत्तर [०, ६] आणि दुसरं [८, ∞), आणि अनंताला नेहमी गोल, कारण तिथवर कोणी पोचत नाही. दोन्हींत सामाईक काही नाही, म्हणजे उत्तर रिकामं. "असं निघालं तर उत्तर नाही असं लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळावं," असं तू लिहितोस. दादा, माझ्याजवळ पुढचं उदाहरण नाही.

पण तुझ्या पत्राने एक झालं. उत्तर नसेल तर अटच बदलायला हवी, हे डोक्यात आलं. मी अण्णांना म्हटलं, "सगळ्यांना आठ-आठ देऊ. पंचेचाळीस दिवस पुरेल. तोवर कुठून तरी आणखी येईल."

अण्णा म्हणाले, "संवत छप्पनच्या दुष्काळात, वीस वर्षांपूर्वी, मी कारकून होतो. आम्हीही हेच केलं. येईल, येईल म्हणत सगळ्यांना पोटभर वाटलं. कमू, कोठार रिकामं झाल्यानंतरचा दिवस मी पाहिलेला आहे. तू नाहीस."

"मग सगळ्यांना सहा देऊ."

"सहावर सगळेच मरतील. थोडे सावकाश, एवढंच."

मग त्यांनी मला माणसांसाठी गणित मांडायला लावलं. आठ छटाक आणि साठ दिवस कायम धरले तर किती माणसं? एकशे वीस, किंवा त्याहून कमी. म्हणजे चाळीस वजा. आणि वजा कोण, ते मंडळाच्या कागदातच निघालं. कागदात लिहिलं आहे, "जव्हारच्या बाजूने सरहद्दीच्या ओढ्यापर्यंतच्या पाड्यांना धान्य द्यावे."

तुला कोनपाडा आठवतो? ओढा वर टेकडीशी फुटतो, दोन धारा होतात, खाली पुन्हा एक होतो. कोनपाडा त्या दोन धारांच्या मधे आहे. ओढ्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. ओढ्यातच म्हण. ओढ्याच्या अलीकडे जव्हार संस्थान, पलीकडे मोखाड्याच्या बाजूला खालसा मुलूख, इंग्रजांचा. तिकडचा पाटील म्हणतो ही जव्हारची माणसं. इकडे अण्णा म्हणाले, "ओढ्यापर्यंत म्हणजे ओढ्याच्या अलीकडे." कोनपाड्यात चाळीस माणसं आहेत. अण्णांचं गणित सुटलं.

मी म्हटलं, "पर्यंत म्हणजे ते धरून. घरापर्यंत पोचव म्हटलं तर कोणी अंगणाबाहेर सोडून येत नाही."

"गावापर्यंत रस्ता झाला म्हणजे गावातून झाला असं होत नाही," अण्णा म्हणाले. मास्तर आहेत, हरायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोनपाड्याची माणसं आली, त्यांना परत जायला सांगितलं. सगळी गेली. चैती बसून राहिली. ही चैती म्हणजे कोण, ते तुला माहीत नाही. आई मानमोडीत पडली तेव्हा शेजारपाजारचं एक माणूस दाराशी उभं राहिलं नाही. मीही तापात. मोळी विकायला येणारी ही बाई आत शिरली, पाणी भरलं, आईला उठवून बसवलं. आईने शेवटची पेज तिच्या हातची प्यायली. अण्णांना तेव्हा थोडं दिसत होतं. त्यांनी पाहिलं आणि अडवलं नाही.

ती म्हणाली, "बाय, मास्तर बोललं, तुमी वहळात राहता. आमी आजच राहाया आलो का? माझ्या सासऱ्याचा सासरा तिथंच मेला."

मी तिला तुझे कंस समजावू लागले नाही. आत नेलं, दळायला बसवलं. रोज ये म्हटलं. दळणाचं मूठभर पीठ अण्णा अडवणार नाहीत. तिचा नवरा जिव्या, मुलगी काळी, आणि पाठीशी बांधलेला बारक्या. मूठभरात काय होणार.

आता काम सांगते. मंडळाचे चिटणीस तुझे शाळासोबती. तू पुण्यात कॉलेजात गणित शिकवतोस याचा ते चारचौघांत अभिमान सांगतात. तू त्यांना चार ओळी लिही, की 'पर्यंत' या शब्दात टोक येतं, कोनपाडा आत आहे. तुझं ते मानतील. मग धान्य कमी पडतं म्हणून मंडळाकडेच आणखी मागता येईल. आज मागायला तोंडच नाही, कारण कागदावर आमचं गणित बरोबर सुटतं.

चौकोनी कंस, दादा. एवढंच माग त्यांच्याकडे.

कमू


नाक्याची चौकी
अक्षय्य तृतीया

दादा,

तुझं पत्र वाचलं.

तू लिहितोस की मागणं रास्त आहे, शब्दाचा तुझा अर्थही तोच आहे, पण ही विनंती अण्णांनी करायला हवी. त्यांच्या नावाने एक ओळ आली तर तू त्याच दिवशी लिहिशील. न सांगता त्यांच्या कामात हात घातला तर तू मागल्या दाराने घरात शिरलास असं होईल.

मी अण्णांना सगळं सांगितलं. तुला पत्रं लिहिते हेही सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "शिफारशीसाठी मी आजवर कोणाच्या दारी गेलो नाही. मुलाच्या तर नाहीच." मी पाया पडले. पाय मागे घेतले त्यांनी.

तुम्ही दोघे एकाच लाकडाचे. तू त्यांच्या एका ओळीसाठी थांबला आहेस, ते तुझ्या एका पावलासाठी. तुम्ही खुशाल थांबा, तुमच्या दोघांच्या पोटात अन्न आहे.

इथलं सांगते. माझ्या वाटचं मी चैतीला देते हे अण्णांना कळलं. चुलीवरच्या भांड्याच्या आवाजावरून कळलं असावं. तेव्हापासून जेवताना ते भाकरीचा तुकडा पानाखाली सारतात आणि मला दिसत नाही असं समजतात. मी तोही देते. यावर आम्ही बोलत नाही.

कोनपाड्याचे काही जण कल्याणच्या बाजूला कामाला निघून गेले. उरलेले रानात कंद खणतात. गोड कंद केव्हाच संपले. आता कडूकंद आहेत. त्यांचे काप करून राख घालून उकडतात आणि टोपलीत भरून रात्रभर ओढ्यात ठेवतात. वाहत्या पाण्याबरोबर त्यांचं विष निघून जातं. चैती सांगत होती. मी विचारलं, "ओढा तर सुकला, मग कशात ठेवता?"

"डबकं हाय थोडं," ती म्हणाली. "त्यात ठेवतो. दोनदा उकडतो."

दादा, कंस हे नाव त्या खुणेला कोणी दिलं असेल? देवकीची पोरं मारणारा तोही कंसच. तुझ्या वर्गात कोणी विचारत नसेल. मला इथे दिवसभर तेच सुचतं.

ओळ मिळणार नाही. ओळीशिवाय लिही.

कमू


नाक्याची चौकी
वैशाख शुद्ध १३

दादा,

कोनपाड्यात काल अकरा माणसं गेली.

परवा रात्री सगळ्यांनी एकत्र उकडलेले कंद खाल्ले. डबक्यातलं पाणी हललंच नव्हतं, विष त्यातच राहिलं होतं. पहाटेपासून ओकाऱ्या, घसे सुजले, मग हातपाय ताठ. दवाखाना जव्हारात. न्यायचं कोणी आणि कसं?

चैती वाचली. संध्याकाळी तिने इथेच पेज घेतली होती, आणि घरी गेल्यावर कंद नवऱ्याला आणि मुलीला वाढले. स्वतःला उरले नाहीत. बारक्या अंगावरच पितो, म्हणून तो आहे.

बातमी आली तेव्हा अण्णा म्हणाले, "मला घेऊन चल." मी म्हटलं, ऊन आहे, वाट दगडांची आहे. ते काठी घेऊन उठलेच. त्यांचा हात माझ्या खांद्यावर. ओढा उतरताना त्यांनी विचारलं, "पाणी कुठे आहे?" मी म्हटलं, "पाणी नाही. आपण ओढ्यातूनच चाललो आहोत."

एका झोपडीपुढे ओळीने निजवलं होतं. अण्णांना दिसत नव्हतं. ते पहिल्याच्या पायाशी बसले, हाताने चाचपलं, आणि विचारलं, "हा कोण?"

चैती तिथेच बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "लहान्या. नवशाचा पोर."

"वय?"

"माहीत नाय. माझ्या काळीबरोबर खेळायचा."

अण्णा पुढे सरकले. "हा?"

"माझा जिव्या."

अण्णांचा हात तिथे थांबला. मग शेजारी गेला, आणि शेजारचं अंग लहान आहे हे त्यांना हाताला कळलं. त्यांनी विचारलं नाही. चैतीनेच सांगितलं, "ही काळी. ही गेल्या पावसात तुमच्या शाळेच्या दाराशी उभी राहायची, मास्तर. तुमी पाढे बोलायचे ना पोरांकडून, तं ही ऐकायची. तिला बेचा यायचा."

अण्णा ओळीच्या शेवटापर्यंत गेले. प्रत्येकाचं नाव विचारलं, प्रत्येक नाव एकदा मोठ्याने म्हटलं, शाळेत हजेरी घ्यायचे तसं. शाळेत ते कधी कोणासाठी थांबायचे नाहीत. इथे प्रत्येक नावानंतर थांबत होते.

परत आलो. अण्णांनी कोठाराची किल्ली मागितली. आठ छटाकांचं माप हाताने चाचपून भरलं, बोटाने कडेवरून सपाट केलं, आणि म्हणाले, "उद्यापासून कोनपाडा. मंडळाने विचारलं तर सांग, मास्तरांचा 'पर्यंत' चुकला."

मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

कमू


नाक्याची चौकी
वैशाख वद्य ४

दादा,

तुझं पत्र चिटणिसांना मिळालं. म्हणजे अण्णांची ओळ न येता तू लिहिलंस. माझं मागचं पत्र तेव्हा वाटेत असणार. चिटणीस इथे आले ते खरं तर अण्णांना जाब विचारायला, विनापरवाना धान्य दिलं म्हणून. पण तुझा कागद खिशात होता. "प्रोफेसरांनी शब्दार्थ स्पष्टच केला आहे," म्हणाले. "कोनपाडा आत धरला आहे. मास्तर, तुमचं बरोबरच होतं." अण्णा म्हणाले, "नाही. माझं चूक होतं." चिटणिसांना वाटलं म्हातारा भ्रमला आहे. आणखी धान्य देण्याची काही सोय नाही, हे त्यांनी जाता जाता सांगितलं.

सोय लागणारही नाही. मी मांडून पाहिलं. कोनपाड्याची चौदा माणसं राहिली आहेत. इकडच्या पाड्यांतलेही काही तापाने गेले, काही मुलांना घेऊन कामाच्या शोधात. सगळे मिळून आता एकशे सतरा. कोठारातलं धान्य आणि उरलेले दिवस घातले तर क्ष आठाहून कमी नको, सव्वाआठाहून जास्त नको. [८, सव्वाआठ]. दोन्ही टोकं धरून. तुझ्या दोन अटी शेवटी भेटल्या. अडलेलं गणित माणसं कमी झाल्यावर सुटलं, आणि त्यात एकही चूक नाही. अण्णांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "पाटी पूस."

तू मला पत्राने बोलावलं आहेस. पुण्यात विधवांच्या शाळेत माझी सोय केली आहेस, स्वतः घ्यायला येतोस, आणि अण्णांनी होकार दिला तर शपथही मोडणार नाही. अण्णांना विचारलं. म्हणाले, "जाऊ दे तिला. मी काही म्हणत नाही." सहा वर्षांपूर्वी हे दोघांपैकी एकजण बोलला असता तर मी हरखले असते. शिकायचं मला आजही आहे. पण वाटप संपेपर्यंत मी चौकी सोडणार नाही. अण्णा मापं हाताने चाचपून भरतात, पण हिशेबाची वही त्यांना दिसत नाही. आणि चैती इथेच राहते. बारक्याला घेऊन मागच्या खोलीत निजते, अण्णांच्या भिंतीला भिंत लागून. अण्णांनीच सांगितलं तिला राहायला.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती विचारत होती, बाय, कागद कुणाचा? म्हणून. माझा भाऊ आहे, पुण्यात मोठा मास्तर आहे, त्याने चिटणिसांना लिहिलं आणि त्या कागदाने कोनपाडा आत आला, असं मी सांगितलं. ती दळत होती. जात्याचा खुंटा तिच्या हातात तसाच राहिला.

"एकाच कागदानं झालं?"

"हो."

"मोठा कागद होता का?"

"नाही गं. चार ओळींचा."

ती म्हणाली, "तुझा भाऊ एवढा शिकला, तं चार ओळी लिवायला त्याला एवढे दिस कशाला लागले?"

हे तिने रागाने विचारलं नाही. तिला खरंच वाटतं, लिहायला वेळ लागत असेल. अण्णा पलीकडे ऐकत होते. तिने पुन्हा दळायला घेतलं.

तर दादा, तू ये. मला न्यायला म्हणून येऊ नकोस, त्याला अवकाश आहे. ये, चौकीत बस, आणि तिला तूच सांग. हे उत्तर मी पोस्टाने घेणार नाही.

कमू